मला यातलं काही येत नाही

मला स्प्रेडशीट येते. चांगली येते. एवढं साधं वाक्य मी सात वर्षं कुणापुढेही उच्चारलं नाही, बायकोपुढेसुद्धा नाही. कारण एकदा मी याच्या बरोबर उलटं बोललो होतो. एकदाच बोललो, हिंदीत बोललो, आणि माझ्या त्या एका वाक्यानं एका मुलीची नोकरी गेली.

मी ग्वाल्हेरचा. आमची माणसं दक्खनेतून फौजेबरोबर आली आणि इथलीच झाली. घरातली तलवार कुठल्या पिढीत सुटली ते ठाऊक नाही; वडिलांच्या हातात लेखणी होती आणि माझ्या हातात आवक-जावकचं रजिस्टर आलं. सिटी सेंटरमधल्या एका संस्थेच्या ऑफिसात मी गेली बावीस वर्षं ते सांभाळतो आहे. संस्थेचं काम गावोगावच्या हँडपंपांचं पाणी तपासण्याचं. माझी बायको साताऱ्याकडची, ती अजून हापसा म्हणते आणि माझ्या मराठीला हसते. आमच्या आसपासच्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला चांगलं. वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर डाग येतात, मग सांधे धरतात. आम्ही बाटल्यांतून नमुने आणतो, प्रयोगशाळेत आकडा निघतो आणि आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की आमचा रंगारी जाऊन त्या पंपाला लाल रंग देतो. लाल पंपाचं पाणी प्यायचं नाही, भांडी-कपड्यांना वापरायचं. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही हे कळतं. म्हणून त्या लाल रंगाला गावात फार किंमत आहे.

पंचेचाळिशीत होतो तेव्हा आमच्या डायरेक्टरसाहेबांनी फर्मान काढलं की यापुढे सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये जातील. मी शिकायला निघालो. आधी पडावला, स्टेशनजवळच्या एका लॉजच्या वरच्या मजल्यावर क्लास होता, तिथे नाव घातलं. तिथे त्यांनी मला अक्षरं ठळक करायला, चौकटीला रंग द्यायला आणि तक्त्याभोवती रेघा ओढायला शिकवलं आणि शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट दिलं. मग एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. त्याच्या दुसऱ्या प्रकरणातच पेन्सिल ठेवली ती अजून तिथेच आहे. मग मोबाइलवर व्हिडिओ. ‘हॅलो दोस्तों’ म्हणणारा तो माणूस इतक्या झरझर बाण फिरवायचा की मी नुसता मान हलवायचो. पाहताना सगळं समजायचं. ऑफिसात खुर्चीवर बसलो की बोटं गार.

तेव्हा ती आमच्याकडे कंत्राटावर लागली. ग्वाल्हेरातल्याच मुरार भागातली, आपल्यातलीच, वडील गेलेले, घरी आई. वय सव्वीस. चारचौघांत मला सर म्हणायची आणि आम्ही दोघंच असलो की काका. तिची मराठी आमच्या सगळ्यांच्या मुलांसारखी, वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि अर्ध्यावर हिंदीत उतरायचं. एक दिवस माझ्या मागे उभी राहून तिनं पाच मिनिटं माझा व्हिडिओ पाहिला.

“काका, तुम्ही पिक्चर बघताय. असं नाही येणार. पॉपकॉर्न आणू का?”

मी रागावलो नाही, कारण ती हसत होती आणि तिनं लगेच खुर्ची ओढली होती. तिचं म्हणणं असं होतं की शिकायचं सामान जगात ढीगभर पडलंय, त्यातलं आपल्याला कुठलं उपयोगाचं ते ओळखायला आधी आपला प्रश्न आपल्याला माहीत पाहिजे. दोन तासांचा व्हिडिओ बघायचा नाही. आपलीच फाइल उघडायची, तीत एका जागी अडायचं आणि फक्त तेवढ्याचं उत्तर शोधायचं. ज्या व्हिडिओबरोबर सरावाची फाइल देत नाहीत तो सोडून द्यायचा. प्रोग्रॅमच्या आतच मदतीचं पान असतं, ते हिंदीत करता येतं, हे मला त्या पडावच्या क्लासात कुणी सांगितलं नव्हतं. लोक जिथे आपापल्या अडचणी लिहितात आणि दुसरे लोक उत्तरं देतात अशा जागाही तिनं दाखवल्या. “तिथे आधी शोधायचं, मग विचारायचं. तुमचा प्रश्न कुणीतरी आधीच विचारून शिव्या खाल्लेल्या असतात.”

तिनं मला एक वही करून दिली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. एका पानावर एक प्रश्न, खाली उत्तर, तिच्या अक्षरात, मराठीत. शिक्षण हिंदीतून झालेलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच होता. पहिल्या पानावर मोठ्यानं लिहिलं होतं: आधी प्रत काढायची, मग हात लावायचा. शेवटच्या पानावर कुठे काय शोधायचं त्याची यादी. मधे एक पान होतं, त्यावर तिनं लाल पेननं चौकट केली होती. कॉलम एकटा हलवायचा नाही, आख्खा तक्ता निवडायचा. ते पान मी वाचलं होतं. हे मुद्दाम लिहितो. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठी तपासणी झाली. तक्ता तिनं तयार केला. गावाचं नाव, पंप कुठे आहे, आणि शेवटच्या रकान्यात फ्लोराइडचा आकडा. गावं अक्षरांच्या क्रमानं लावलेली. तक्ता पुरा झाल्यावर एक आख्खी दुपार मी प्रयोगशाळेच्या रजिस्टरमधून एकेक ओळ मोठ्यानं वाचली आणि तिनं पडद्यावर बघून हूं म्हटलं. एकही चूक निघाली नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच नमुन्यांच्या गाडीबरोबर बाहेरगावी गेली.

त्याच सकाळी साहेबांचा भोपाळहून फोन आला. मीटिंगमधून बोलत होते. सगळ्यात वरचा आकडा किती निघाला, एवढंच त्यांना हवं होतं, लगेच. मी म्हणू शकलो असतो की ती आली की सांगतो. रजिस्टर चाळून पाच मिनिटांत सांगू शकलो असतो. पण मला वाटलं, एकदा तरी. फोन कानाला धरून मी तिची फाइल उघडली, आकड्यांचा रकाना निवडला आणि मोठ्याकडून लहानाकडे लावायचं बटण दाबलं. मधे एक चौकट आली. इंग्रजीत काहीतरी विचारत होती, दोन गोल होते. एक म्हणत होता की शेजारचे रकानेही सोबत घेऊ का, दुसरा म्हणत होता की जेवढं निवडलंय तेवढंच हलवू का. आज मला ती चौकट तोंडपाठ आहे. तेव्हा मी नुसतं पाहिलं की दुसऱ्यात ‘मी निवडलेलं’ अशा अर्थाचं काही आहे, आणि मी निवडलं होतंच. तो दाबला. सगळ्यात मोठा आकडा वर आला. मी साहेबांना सांगितला. “अरे वाह, आप तो सीख गए,” असं काहीसं ते म्हणाले. फाइल बंद करताना पडद्यावर प्रश्न आला, बदल ठेवू का. मी हो म्हटलं. दर वेळी सेव्ह करायचं, हेही मला त्याच मुलीनं शिकवलं होतं.

गावं जागच्या जागी राहिली. आकडे सगळे सरकले.

ती परत आली, फाइल छापली, यादी रंगाऱ्याला दिली. जायच्या आदल्या दिवशी ओळ न् ओळ ताडून झाली होती, पुन्हा कशाला बघेल. यादीत वरच्या तीन गावांतले जवळजवळ सगळे पंप लाल ठरले आणि खालच्या गावांत एकही नाही. तरी कुणाला शंका आली नाही, कारण ती तीन गावं एकमेकांना लागूनच होती आणि फ्लोराइड असंच असतं, एका पट्ट्यात दाट आणि पलीकडे काही नाही.

उन्हाळा गेला. पावसाळ्यानंतर पुन्हा नमुने आले तेव्हा लाल रंगाच्या बहुतेक पंपांचं पाणी पिण्याजोगं निघालं. तिथल्या बायका तो सगळा उन्हाळा गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. आणि यादीच्या तळाला असलेल्या एका गावात, जिथला आकडा सगळ्यात वाईट होता, तिथे लोक शाळेजवळच्या पंपाचं पाणी बिनघोर पीत राहिले होते. मुलंसुद्धा. फ्लोराइड एका उन्हाळ्यात दात बिघडवत नाही, असं मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. खरंच बिघडवत नाही. पण ते पाणी वाईट आहे हे आमच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं, आणि तरी आम्ही त्यांना पिऊ दिलं.

साहेबांनी आपल्या खोलीत बोलावलं. तिला, मला आणि प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला. टेबलावर ती छापील यादी होती. त्या क्षणापर्यंत मला काहीही माहीत नव्हतं, हे खरं आहे. मग मी शेवटच्या रकान्यावर नजर टाकली. आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे वरून खाली उतरत होते, एकही पायरी चुकली नव्हती. भोपाळचा फोन, ती चौकट, तो दुसरा गोल, सगळं एका दमात आठवलं.

ती म्हणत होती की तिनं रजिस्टरशी ताडलं होतं, एक-एक लाइन, सरांनी वाचून दाखवलं होतं. साहेबांनी सगळ्यांच्या देखत माझ्याकडे वळून विचारलं, “बाद में आपने तो नहीं खोली थी यह फाइल?”

मी म्हणालो, “सर, मुझे तो इसमें से कुछ आता ही नहीं।”

तंत्रज्ञ हसला. साहेबही थोडं हसले. वर्षानुवर्षं रजिस्टर कवटाळून बसलेला माणूस, त्याला काय येणार. भोपाळचा फोन त्यांच्या लक्षातही नव्हता. ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरवर लॉगिन एकच होतं, तिच्या नावाचं. ती माझ्याकडे पाहत होती. मला थोडंफार येतं हे त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं. तिनंच तर शिकवलं होतं. मी वाट पाहिली की आता ती बोलेल. ती बोलली नाही. खाली पाहून म्हणाली, “हो गया होगा मुझसे।”

तिचं कंत्राट त्या महिन्यात संपत होतं, ते वाढवलं नाही. पंप पुन्हा रंगवले, बरोबर रंगवले. ती निघताना माझ्या टेबलाशी आली, चष्मा बदलून घ्या काका, बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही, असं म्हणाली, आणि गेली. वही माझ्या खणात राहिली.

त्यानंतर मी तिच्या नजरेशी सात वर्षं भांडलो. तिला कळलंय, ती गप्प बसून मला शिक्षा करते आहे, असं मी धरून चाललो होतो. आणि खरं सांगायचं तर तेच मला सोयीचं होतं. तिला ठाऊक आहे, तिनं सोडून दिलंय, मग मी वेगळं काय सांगू?

पण खोट्याचा हिशेब वेगळाच निघाला. मला काही येत नाही असं एकदा म्हटल्यावर मला ते येत नसणंच भाग होतं. ऑफिसात मी माउसला हात लावेनासा झालो. नवीन लोक आले. “बाबूजी, माउस है, काटेगा नहीं,” ही त्यांची रोजची गंमत. मी हसायचो. आणि घरी, पहाटे नळ यायच्या वेळेला, लेकीनं नोकरीला जाताना ठेवून दिलेला लॅपटॉप उघडून बसायचो. का शिकत होतो ते नीट सांगता येणार नाही. कदाचित ती चूक नेमकी कशी झाली हे आतून समजून घ्यायचं होतं. वहीच्या शेवटच्या पानावरच्या तिच्या यादीपासून सुरुवात केली. एक पान, एक प्रश्न. मदतीची पानं वाचली. एका विद्यापीठाचा फुकट अभ्यासक्रम केला, त्यातली इंग्रजी वाक्यं थांबवून थांबवून. लोकांच्या प्रश्नोत्तरांत महिनोन् महिने नुसता वाचत राहिलो. कुठलं सामान कामाचं आणि कुठलं नुसता देखावा, हे हळूहळू वासावरून कळायला लागलं. सरावाला दुसरे आकडे नव्हते म्हणून नळाचीच नोंद ठेवली. किती वाजता आला, किती वेळ राहिला, धार कशी. त्यातून पिव्हट टेबल शिकलो, आलेख शिकलो, आणि पुढे त्याहून मोठं सॉफ्टवेअर. आमच्या गल्लीत कुठल्या वारी पाणी उशिरा येणार ते मी आदल्या दिवशी सांगायचो. बायको म्हणायची, “बातम्या बघता म्हणता, त्याला एवढी आकडेमोड कशाला हो?”

नव्या लोकांच्या तक्त्यातली चूक मला दारातून दिसायची. बोलता यायचं नाही. मी फक्त म्हणायचो, एकदा रजिस्टरशी ताडून बघा. छापायच्या आधी, पुन्हा, शेवटची ओळसुद्धा. ते वैतागायचे, पण ताडायचे. तेवढंच मी करू शकत होतो, किंवा तेवढंच करत होतो.

या वर्षी होळीच्या सुमारास साहेबांनी एक काम काढलं. नवीन माणसं येतात, त्यांना स्प्रेडशीट आणि आकड्यांचं विश्लेषण शिकायला चांगलं साहित्य कुठे मिळतं याची एक यादी हवी होती. कुणाला माहीत असेल त्यानं द्यावी. माझ्याकडे वळून कुणीतरी म्हणालंच, “बाबूजी देंगे।” सगळे हसले. माझ्याकडे सात वर्षांची यादी होती, शेरे मारलेली, कदाचित त्या इमारतीतली सगळ्यात चांगली. मला ती द्यायची नव्हतीच. तरी घरी येऊन उगाच ती ताजी करत बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे हिंदीतलं नवीन काय आहे ते शोधत होतो. एक छोटा चॅनेल सापडला. पाहणारे थोडे. चेहरा नाही, नुसता पडदा, बाण आणि आवाज. प्रत्येक व्हिडिओखाली सरावाची फाइल. एका व्हिडिओत एकच प्रश्न. माझ्या कानांना आधी कळलं, मग मला. आवाज तिचा होता.

क्रम लावण्याचा धडा मी उघडला. ती सावकाश बोलत होती. चौकट आली, तिथे बाण थांबला.

“अब यहाँ रुकिए। यह डिब्बा जो पूछ रहा है, उसे पढ़िए। मैंने नहीं पढ़ा था। यह गलती मैंने की थी। नौकरी गई, वह छोटी बात है, एक गाँव ने पूरी गर्मी गलत पानी पिया। मुझे आज तक याद नहीं आता कि मैंने यह किया कब। इसलिए पहले कॉपी, फिर हाथ।”

बादली भरून वाहत होती. बायको आली, नळ बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून समोर बसली. मी तिला सगळं सांगितलं. सात वर्षांत प्रथमच, पहिल्यापासून. तिला ती मुलगी आठवत होती. मी तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं की बिचारीच्या हातून चूक झाली. बायकोनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “तिला वाटतंय तिनंच केलं.”

“हो.”

“आणि तुम्ही म्हणत होतात, तिला माहीत आहे.”

एवढंच. मग उठून तिनं कणीक मळायला घेतली. त्या दिवशी ती माझ्या मराठीला हसली नाही, आणखी काही दिवस हसली नाही.

मी जुन्या रजिस्टरच्या पानांच्या प्रती काढल्या. त्यावरून मूळ तक्ता पुन्हा तयार केला, एक रकाना तसाच एकटा हलवला आणि बाजूला त्या वर्षीची छापील यादी ठेवली. ओळ न् ओळ जुळली. सोबत एक पानाचं पत्र लिहिलं: फाइल मी उघडली, रकाना मी हलवला, विचारलं तेव्हा खोटं बोललो. साहेबांनी पत्र वाचलं. ते आता निवृत्तीला आलेत. इतकी जुनी गोष्ट आहे, कागदावर कशाला आणायची, जाऊ द्या, असं हिंदीत समजावत राहिले. पत्र मागे दिलं. मी माझ्या टेबलावर गेलो, आवक रजिस्टर उघडलं, पुढचा क्रमांक घातला, ‘विषय’च्या रकान्यात जे होतं ते लिहिलं, पत्रावर शिक्का मारला आणि त्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं. बावीस वर्षांत त्या रजिस्टरमध्ये मी माझ्या नावाची नोंद पहिल्यांदाच केली. एकदा नोंद झालेलं पत्र आमच्याकडे कुणी परत करू शकत नाही. साहित्याची यादीही त्याच्याखाली ठेवली.

मग मुरारला गेलो. घर मला माहीत होतं, एकदा पावसात तिला सोडायला गेलो होतो. पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, भिंतीला लावलेल्या खुर्च्या. ती तिथे शिकवते. केसांत थोडं पांढरं आलंय. मला पाहून तिनं खरोखर आनंदानं “काका!” म्हटलं, आणि तिथेच माझं पाठ केलेलं सगळं गेलं. आतून आईचा आवाज आला, “दूध ठेवलंयस गॅसवर, लक्ष आहे नं?” ती म्हणाली, हो आई.

मी बसलो आणि सांगितलं. कागद पुढे ठेवले. तिनं ते घेतले, रजिस्टरची प्रत आणि यादी शेजारी-शेजारी धरून बोट फिरवत खाली खाली गेली, शेवटच्या ओळीपर्यंत. ताडून पाहिल्याशिवाय तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

“कुठला गोल दाबलात?”

“दुसरा.”

आतून आई पुन्हा म्हणाली, “मागच्या शेगडीचं बटण बंद केलंस का? जाऊन बघ हं, तुझं तुला लक्षात नाही राहत.” ती जागची हलली नाही.

“मी रोज ती फाइल डोक्यात उघडते, काका,” ती म्हणाली. “कधी केलं, कसं केलं, काही दिसतच नाही. मग मला वाटायला लागलं, मेरा दिमाग ही ऐसा है. करते आणि विसरते.” तिनं यादी पालथी ठेवली. “तुम्ही तेव्हा म्हणालात नं, काही येत नाही. मला वाटलं, तुम्ही साहेबांपुढे लाजलात. शिकताय हे सांगायचं नव्हतं तुम्हाला. मी म्हटलं, कशाला काकांचं हसं करायचं. आणि तुम्ही मला न विचारता फाइल उघडाल हे तर माझ्या मनातच नाही आलं.”

तिच्या ज्या नजरेशी मी सात वर्षं भांडत होतो ती ही होती. ती मला सांभाळून घेत होती.

मी माफ कर म्हणालो. तिनं कागद नीट एकावर एक लावले आणि म्हणाली, “आता आईला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल मी पांघरूण घालतेय.”

आई पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्यासमोर बसली, भाऊ कसं काय येणं केलंत म्हणाली. तिला स्प्रेडशीट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं शिकलेला माणूस, मला शब्द सुचेना. शेवटी म्हणालो, तुमच्या फडताळात डबे आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी आहे, मीठ, साखर, रवा, आणि एक डबा उंदराच्या औषधाचा. चिठ्ठ्या तिथल्या तिथे राहिल्या आणि आतलं सगळं कुणीतरी उपसून भलत्याच डब्यांत भरलं.

आईनं एकदा आत फडताळाकडे पाहिलं. “आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.”

“हो.”

“आणि हिनं केलं असं झालं तेव्हा तुम्ही तिथे होतात.”

“हो. मला विचारलं होतं. मी खोटं बोललो.”

ती रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. “लहानपणापासून नीटस मुलगी होती ही,” ती म्हणाली. “आणि भाऊ, सात वर्षं मी हिला गॅस दोन-दोनदा बघायला लावतेय.”

मी निळी वही काढून ठेवली. मुलगी म्हणाली, राहू दे इथेच. मग म्हणाली, त्या शाळेजवळच्या पंपाच्या गावात जाऊन या, मला सांगून झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. मी म्हटलं, जातो. चहाचं कुणी विचारलं नाही. मी उठलो.

उंबऱ्याबाहेर बसून बूट घालत होतो तेव्हा आत दूध उतू जायला आल्याचा आवाज आला. आईनं तोंड उघडलं, “अगं—” आणि तिथेच थांबली. मुलगी आपल्या वेगानं उठली, आत गेली. गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. आईनं काही विचारलं नाही.